हळद दिसेल इतपत

“हा रंग किती दिवसांत उतरतो, अक्का?”

गिरीराजनं हे विचारलं तेव्हा नयनाच्या हातात ऋचा मॅडमचा उजवा दंड होता आणि दंडावर पांढऱ्या लेपाचा जाड थर. मॅडम गोव्याहून रापून आल्या होत्या. बुधवारी नणंदेकडे बारसं होतं आणि त्याच्या आत हात पूर्वीसारखे गोरे व्हायला हवे होते. मल्लेश्वरमच्या त्या पार्लरच्या दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी होती, म्हणून गिरीराज उंबऱ्याबाहेरच थांबला होता. चपला मात्र त्यानं काढून ठेवल्या होत्या. का काढल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नयनानं त्याला ओळखलं. काल हॉस्पिटलच्या आवारात कुणीतरी बोट दाखवून सांगितलं होतं, तो यशोवर्धनचा थोरला भाऊ.

“जिवंत...” ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. “सात-आठ दिवस लागतात. कधी दहा.”

“तेवढा वेळ कुठाय आपल्याकडं? चारला न्यायचंय.”

ऋचा मॅडमनी आरशातून दोघांकडे पाहिलं. कुणीतरी गेलंय एवढं त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी चेहरा गंभीर केला. नयनानं हात पुसले आणि दुसऱ्या मुलीला हाक मारून लेप धुवायला सांगितलं.

“अगं पण माझा डावा हात?” मॅडम म्हणाल्या.

“येते मॅडम, उद्या करू,” नयना म्हणाली. मनात ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाहेर फुटपाथवर गिरीराजनं सगळं सांगितलं, खाली मान घालून, तुटक तुटक. काल हॉस्पिटलमध्ये आईला आत नेलं. तिनं चादर उचलून बघितलं आणि सरळ बाहेर आली. “म्हणाली, हा आपला यशू नव्हं. कुणाचं की पोर दाखवायलाय तुम्ही मला. अजून रडली नाही, अक्का. टिपूस नाही. सकाळी आठला घरी आणलं. आमच्यात लगीन न झालेलं पोर गेलं तर हळद लावून नेतात. पहिलं बोट आईचं. बायकांनी कसंतरी करून अम्माला बसवलं, वाटी हातात दिली. तिनं गालाला लावली. अन् दिसंना की! त्या स्पर्धेच्या काळ्या रंगावर हळद दिसतच नाही. मग म्हणाली, बघा, ह्याला हळदसुद्धा लागंना, हा माझा नव्हेच. वाटी खाली ठेवली अन् भिंतीकडं तोंड करून बसलीय. हळद दिसल्याशिवाय उचलायचं नाही म्हणते.”

“आणि वडील?”

“अप्पा म्हणाले, ज्यांनी लावला त्यांना बोलाव.” त्यानं मान वर केली. “रागानं नव्हं म्हणाले. सरीनं, नीटच म्हणाले. तुम्ही याल की?”

नको म्हणायला तोंड कुठलं होतं? ती आत गेली आणि सामानाची पेटी भरली. तेल, कापूस, लिंबं, बेसन, खायचा सोडा, मऊ पंचे. लोकांचा काळेपणा घालवायचं जे काही तिच्याजवळ होतं ते सगळं.

रिक्षानं गेलं असतं तर जे. पी. नगरला पोचायला दीड तास लागला असता. मेट्रोनं अर्धा. तपासणीच्या यंत्रातून पेटी गेली तेव्हा तिथल्या शिपाईबाईनं तेलाची बाटली बाहेर काढायला लावली, उन्हात धरून बघितली आणि विचारलं, “एनु इदु?” हे काय आहे.

“मेकअप,” गिरीराज म्हणाला.

“मदुवे?” शिपाईबाईनं हसून विचारलं. लग्नाचा का? गिरीराजनं होय म्हणून मान हलवली. खोटं तरी कसं म्हणायचं त्याला.

नयना मूळची मिरजेची. चोविसाव्या वर्षापर्यंत तिला अकरा स्थळांनी नाकारलं, आणि कारण विचारायची गरज नव्हती, ते दारातून आत येतानाच दिसायचं. शेवटी तिनं वडिलांना सांगितलं, आता पोहे करणार नाही, आणि ब्यूटी पार्लरचा कोर्स करून बंगळुरू गाठलं. तिथे बावीस वर्षं तिनं काय केलं? तर बायकांना गोरं केलं. जो रंग स्वतःचा कधी उतरला नाही तो दुसऱ्यांचा उतरवायचं काम तिच्या पदरी पडलं. देवाला विनोदबुद्धी असलीच तर ती भलतीच खवट असली पाहिजे. तिला मात्र त्याचं काही वाटेनासं झालं होतं. काम होतं, हात चालत होते, खोलीचं भाडं निघत होतं, आणि गेल्या पाच वर्षांत तिला कुणी तिच्या रंगावरून काही बोललेलं नव्हतं. एवढ्यावर माणूस जगतं.

चार वर्षांपूर्वी यशोवर्धन असाच उंबऱ्यावर येऊन उभा राहिला होता. व्हाइटफील्डच्या कुठल्याशा जिममध्ये तो व्यायाम शिकवायचा. सव्वीस वर्षांचा, घाऱ्या डोळ्यांचा, गोरा गोमटा, दार भरून उरेल असा. पाठीची मात्र सालं निघाली होती, उकडलेल्या बटाट्यासारखी. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेसाठी म्हणून पठ्ठ्या अंगाला खोबरेल तेल फासून आठ दिवस भर दुपारी गच्चीवर पडला होता.

“अक्का, उन्हात न जाता काळं होता येतं काय हो?”

नयना हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “अरे बाबा, सगळं बंगळूर गोरं व्हायला माझ्याकडे येतं आणि तू काळं करा म्हणतोस?”

“गोऱ्या अंगावर दिसत नाही हो काही. स्टेजवरच्या लाइटी एवढ्या असतात की सगळं सपाट पीठ. काळा रंग असला की एकेक स्नायू मोजून घ्यावा.”

काळा रंग असला की बरं दिसतं, असं तिच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, आणि तेही चेष्टा न करता. तिथेच तिची त्या पोरावर माया जडली. तिनं शोधाशोध केली, विचारपूस केली, बाटल्या मागवल्या. साखरेपासून केलेलं एक द्रव्य असतं, ते कातडीच्या अगदी वरच्या थराला लागलं की तो थर काही तासांत तपकिरी होतो, कापून ठेवलेलं सफरचंद होतं तसा. रक्तात जात नाही, खोल जात नाही. उन्हानं कातडी जळते तसं काही होत नाही. पण करायचं तर नीट करावं लागतं. आदल्या दिवशी कोपराच्या आत थेंब लावून बघायचं, खाज सुटते का. अंग घासून कोरडं करायचं. गुडघे-कोपरांना कमी, तिथे रंग जास्त धरतो. तळहातांना मलम लावून झाकायचं. फवारताना नाकात कापूस, डोळे मिटलेले, ओठ बंद, खिडकी उघडी. एक पातळ हात, मग दुसरा. घाई केली की माणूस डागाळलेल्या भिंतीसारखा दिसतो.

नयना घाई करायची नाही. तिचा रंग असा बसायचा की जिममधली पोरं विचारायची, गोव्याला गेला होतास काय. चेहऱ्याला ती हा टिकणारा रंग कधीच लावायची नाही, स्पर्धेच्या दिवशी पुसून निघणारा वरवरचा हात द्यायची. यशोवर्धनच्या तोंडून नाव पसरलं, आणखी पोरं येऊ लागली. रविवारचे रविवार ती स्पर्धांना जायला लागली. तिनं छोटं कार्ड छापून घेतलं आणि त्यावर तीन शब्द हौसेनं घातले: उन्हाशिवाय, नैसर्गिक, सुरक्षित.

घरी मात्र यशोवर्धन रंग घेऊन कधी गेला नाही. “अम्मा म्हणते, काळा होऊन दारात यायचं नाही. मी पोटातनं गोरा काढलाय तुला,” असं सांगून तो हसायचा आणि रंग उतरेपर्यंत व्हाइटफील्डच्या खोलीवरच राहायचा. आठ दिवसांनी जायचा, धुतलेल्या तांदळासारखा होऊन. नयनाला ते ऐकून आत कुठेतरी लागायचं. पण पोराच्या आईवर काय रागवायचं?

मेट्रोच्या डब्यात गिरीराज तिच्या समोर उभा होता, दांडी धरून. त्याचा चेहरा भावासारखाच होता, फक्त वापरून झिजल्यासारखा. तो म्हणाला, “डॉक्टरनं सांगितलं, रंगाचा काही संबंध नाही. आमच्या गल्लीतली माणसं काहीबाही बोलतील, अक्का. कातडीची भोकं बुजली अन् गुदमरला म्हणतात. तुम्ही मनावर घेऊ नका. त्यानं दीड दिवस पाणी सोडलं होतं अन् अंगातलं पाणी जायच्या गोळ्या घेतल्या होत्या. कातडी पातळ दिसावी म्हणून. कुणी दिल्या की कोण जाणे. सगळे क्षार गेले, हृदय थांबलं.”

“मला सांगितलं डॉक्टरांनी,” नयना म्हणाली.

सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यावर काल तिला हायसं वाटलं होतं. पोर आत थंड पडलेलं आणि हिला हायसं वाटतंय! त्याची लाज तिला रात्रभर पुरली. पण त्याहून मोठं जे होतं ते तिनं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

काल अकराच्या सुमारास, स्टेजमागच्या खोलीत, ती यशोवर्धनच्या छातीवर शेवटचा हात देत होती. पंखा लावला होता. त्याच्या पोटरीत एकाएकी गोळा आला आणि तो कळवळला. तिनं पोटरी चोळून दिली. मग तो म्हणाला, “अक्का, स्वल्प पाणी दे की. एक घोट.” बाटली तिच्याच पिशवीत होती, हातभर अंतरावर. आणि ती म्हणाली, “गप उभा राहा. ओलं आहे अजून. हनुवटीवरून थेंब खाली आला तर छातीवर ओघळ पडतील, सगळी मेहनत मातीत. वीस मिनिटं कळ काढ.” तो हसला. जीभ ओठांवरून फिरवली आणि उभा राहिला, दोन्ही हात अंगापासून लांब धरून. शहाण्या मुलासारखा. वीस मिनिटं झालीच नाहीत. चौदाव्या मिनिटाला तो पडला.

एका घोटानं तो वाचला असता का? नसता बहुतेक. ती स्वतःला हे कालपासून शंभर वेळा सांगत होती, आणि शंभरही वेळा मधेच त्याची ती ओठांवरून फिरणारी जीभ येत होती.

जे. पी. नगरच्या आतल्या रस्त्यावर घरासमोर मांडव नव्हता, नुसत्या खुर्च्या होत्या. माणसं कन्नडमध्ये आणि मराठीत हळू बोलत होती. नयना फाटकातून आत गेली आणि बोलणं थांबलं. तिच्या हातातली पेटी सगळ्यांनी पाहिली. “हीच ती रंगवाली,” कुणीतरी म्हणालं, हळू, पण ऐकू जाईल इतपत हळू. परत फिरावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

यशोवर्धनचे वडील, प्रतापराव, पुढे आले. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा माणूस. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, फक्त एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

“या. लांबनं आलात.” त्यांनी हात जोडले. “आमच्या मंडळींची समजूत पटंना. हळद दिसेल इतपत केलं तरी साकु, पुरे. जास्त नको.”

“करते,” नयना म्हणाली.

त्याला आतल्या खोलीत ठेवलं होतं. बर्फाच्या पेटीतून काढून चटईवर घेतलं आणि सगळ्यांना बाहेर पाठवून गिरीराजनं दार ओढलं. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्याच्या आई सगुणाबाई पलीकडच्या खोलीत होत्या. जाताना नयनाला त्यांची पाठ तेवढी दिसली. बारीक अंगाची, ताठ बसलेली पाठ.

छातीवरची चादर काढायची नाही, असं गिरीराजनं आधीच सांगितलं. खाली टाके होते.

तिनं कापूस तेलात बुडवला आणि कपाळापासून सुरुवात केली. चेहऱ्यावरचा रंग वरवरचाच होता. तो सहज सुटून आला, कापसाचा बोळा चहाच्या चोथ्यासारखा झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. भुवया, पापण्या, नाकाच्या कडा. जिवंत माणूस डोळ्यांपाशी हात गेला की थरथरतं, नाक मुरडतं, हसतं. बावीस वर्षांत तिच्या हाताखाली इतकं निमूट कुणी बसलं नव्हतं. हळूहळू त्याचा चेहरा वर आला. गोरा नव्हता आता तो, पिवळट होता, मेणकट. पण त्याचा होता. गिरीराजनं तोंडावर पालथा हात दाबला.

गळ्याखाली मात्र काही चालेना. तिनं बेसन लावलं, लिंबू लावलं, सोडा लावला. ओल्या पंच्यानं हलक्या हातानं पुसलं, जोर लावायची छाती होईना, गार कातडीला काय होईल कोण जाणे. एक तास गेला. दंडांवरचा रंग तसूभर हलला आणि तिथेच थांबला. आता तो गडद नव्हता, पण डागाळला होता; असा रंग तिनं आयुष्यात कधी कुणाच्या अंगावर राहू दिला नव्हता.

“अक्का, अजून चोळा की. आठ दिवसांत जातो म्हणालात, मग जोर लावला तर...”

नयनानं पंचा खाली ठेवला. हे त्याला सांगायलाच हवं होतं.

“मी उतरवत नाही रे तो. कुणीच उतरवत नाही. जिवंत कातडी रोज थोडी थोडी झडते, खालून नवी येते, त्याच्याबरोबर रंग जातो. आपल्याला वाटतं रंग उतरला.” तिनं पंच्याची घडी घातली. “ह्याची आता नवी यायची नाही. हा आहे तसाच राहणार.”

गिरीराज भावाच्या दंडाकडे बघत बसला. म्हणाला, “मग वरनं पांढरं काहीतरी लावा. तुमच्याकडं असतंय की. नवऱ्या मुलींना लावता ते.”

होतंच. पेटीत तळाला तीन छटा होत्या. पाच मिनिटांत तिनं तो असा केला असता की आईनं म्हटलं असतं, आत्ता झोपलाय. हात आपोआप पेटीकडे गेलासुद्धा.

“नको,” ती म्हणाली. “आता ह्याच्या अंगाला माझ्याकडचं काही नको.”

तिनं त्याचं सगळं अंग कोमट पाण्यानं पुसलं, केस विंचरले, चादर गळ्यापर्यंत नीट केली. तळहात वर करून ठेवले. मलमानं झाकले होते म्हणून तेवढे रंगातून सुटले होते. गिरीराजनं दार उघडलं आणि आईला घेऊन आला.

सगुणाबाई आल्या त्या लगेच खाली बसल्या नाहीत. उभ्या राहून बघत राहिल्या. मागे दारात प्रतापराव होते, त्यांच्या मागे बायका. नयना भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिचा सगळा जीव त्या म्हातारीच्या डोळ्यांत गोळा झाला होता. ओळखा हो आई. ओळखा.

सगुणाबाई वाकल्या. उजवा कान हळूच पुढे घेऊन त्यामागे बघितलं. काय होतं तिथे ते आईलाच ठाऊक. मग त्यांनी वाटी मागितली, बोट बुडवलं आणि गालाला लावलं.

हळद दिसली. फिकी दिसली, पण दिसली.

“यशू,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी जो हंबरडा फोडला तो फाटकाबाहेर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी ऐकला आणि ती माणसं उठून उभी राहिली. दारातल्या बायका रडत आत शिरल्या. प्रतापराव भिंतीला धरून खाली बसले. नयनाही रडली, लाज न बाळगता, मोठ्यानं.

दुसऱ्या गालाला लावली. कपाळाला लावली. दोन्ही तळहातांना लावली. दंडांना लावलीच नाही, तिकडे बघितलंही नाही. मग डोळे पुसून सगुणाबाईंनी मान वळवली.

“तू होतीस की ग त्याच्याजवळ?”

“होय.”

“काय बोलला शेवटचं?”

नयनाला कळलं की इथे सगळ्यांना एकच उत्तर हवं आहे. गिरीराजच्या डोळ्यांत तर ते लिहिलेलंच होतं: अम्माची आठवण काढली म्हणा, अक्का, तुमच्या पाया पडतो. कुणाचं काय गेलं असतं? म्हातारी तेवढ्यावर उरलेले दिवस काढू शकली असती. आणि नयना जे. पी. नगरच्या मेट्रोत बसून परत गेली असती, चांगलं काम केलेली बाई म्हणून.

तिनं तोंड उघडलं आणि तेच म्हणायचं ठरवलं होतं, देवाशपथ. पण समोर तो होता, चेहरा धुतलेला.

“पाणी मागितलं,” ती म्हणाली.

“दिलंस?”

“नाही.”

“का ग?”

“रंग ओला होता, आई. बिघडला असता.”

सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर नयनानं पदर पसरून घेतल्या असत्या. कुणीतरी बाई मागून म्हणाली, “अय्यो देवा.” गिरीराजनं तोंड फिरवलं. प्रतापराव जमिनीकडे बघत होते आणि त्यांचा हात शर्टाच्या त्या चुकलेल्या बटणावर उगाच चाळा करत होता.

“किती मागितलं?” सगुणाबाईंनी विचारलं.

“एक घोट.”

बाहेर शववाहिकेचा ड्रायव्हर आला होता. साडेतीन वाजले होते. सगुणाबाईंच्या मोठ्या जावेनं पाण्याचा तांब्या, पळी आणि तुळशीची पानं आणून ठेवली. आता एकेकानं यायचं आणि तुळशीच्या पानानं ओठांवर पाणी सोडायचं. आधी आईबाप, मग भाऊ, मग गोत. प्रतापराव गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

“थांबा,” सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या स्वतःकडे ओढला, पान बाजूला काढून ठेवलं आणि पळी नयनाच्या पुढे धरली. “आधी ही पाजणार.”

“अम्मा, हे बेडा, नको,” गिरीराज म्हणाला. “बाहेरच्या बाईनं...”

“तिच्याजवळ मागितलं त्यानं. तुझ्याजवळ नव्हं.”

नयना पुढे झाली. त्याच्या डोक्याशी बसली. पळी भरली. थोडे विलग झालेले ओठ होते, तिथे तिनं पाणी सोडलं. ते आत गेलं नाही. कोपऱ्यातून बाहेर आलं, हळदीवरून वाहत कानाकडे गेलं आणि चटईत मुरलं. तिनं पळी खाली ठेवली.

“अजून,” सगुणाबाई म्हणाल्या.

तिनं दुसरी पळी सोडली. तीही बाहेर आली.

“अजून.”

प्रतापराव पुन्हा खाली बसले. गिरीराजनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही, पण मानही वळवली नाही. बाहेर ड्रायव्हरनं कन्नडमध्ये विचारलं, किती वेळ अजून?

“अजून,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पोराला जेवू घालताना म्हणतात तशा म्हणत होत्या.

नयनानं डाव्या हातानं त्याची मान थोडी उचलून धरली आणि पळी भरली. तांब्यात अजून निम्म्याहून जास्त पाणी होतं.